बत्तीस गुण आणि अठ्ठ्याहत्तर पत्ते

४ फेब्रुवारी १९८६, मंगळवार

कमाल झाली! ज्या बैठकीच्या खोलीत मी तीस वर्षं पत्रिका पाहतो, तिथेच चटईवर क्षमा पत्ते मांडून बसली होती. समोर वरच्या मजल्यावरच्या नलिनीबाई. त्या खरं तर माझ्याकडे आल्या होत्या, मुलाच्या नोकरीचं विचारायला. मी पूजेत होतो. बाहेर येईपर्यंत बाई डोळे पुसत होत्या. "क्षमाने अगदी मनातलं ओळखलं हो, भाऊ," असं म्हणून, मला काहीही न विचारता निघून गेल्या. पार्ल्यात भाऊ ज्योतिषी म्हटलं की रिक्षावालासुद्धा दारापर्यंत आणून सोडतो. आणि माझ्याच घरात माझीच मुलगी हे धंदे करणार!

पत्ते कुठले, तर मुलुंडला तिच्या समोरच्या ब्लॉकमधल्या कुंदाताईंनी दिलेले. त्यांच्या मुलाने विलायतेहून पाठवले होते. टॅरो म्हणे.

चार दिवस राहते म्हणून माहेरी आलेली मुलगी दोन आठवडे झाले तरी परत जायचं नाव काढत नाही, ते वेगळंच.

६ फेब्रुवारी

आज तिच्याकडे आणखी दोघी. माझ्याकडे कोणी नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

जावई, चंद्रप्रकाश, न्यायला आले होते. पेढे घेऊन. बोलण्या-वागण्यात किती व्यवस्थित माणूस! क्षमा स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. शेवटी चंद्रप्रकाशनीच मार्ग काढला, दोन मार्चला येतो म्हणाले, तयारीत राहू दे. मी शब्द दिला.

ते गेल्यावर तिला समोर बसवलं. ही पत्रिका मी स्वतः जुळवलेली आहे, छत्तीसपैकी बत्तीस गुण जुळतात, असं किती जणींचं जुळतं? तर तिने पुन्हा ते कुलपाचं काढलं. चंद्रप्रकाश कामावर जाताना बाहेरून कुलूप लावतात आणि किल्ली बरोबर नेतात म्हणे. ते पत्ते आणि पुस्तकसुद्धा कुंदाताईंनी खिडकीच्या ग्रिलमधून आत सरकवलेले. मी म्हटलं, स्वभाव संशयी आहे, मूलबाळ झालं की निवळेल. ती उठून भांडी घासायला गेली.

उद्या हे लग्न मोडलं तर लोक ती पत्रिका दुसऱ्या कोणाला तरी दाखवणार. मला ते नको आहे.

१२ फेब्रुवारी

ठरवलं. शत्रूचा अभ्यास करायचा. क्षमाचं ते इंग्रजी पुस्तक आणि डिक्शनरी घेऊन बसलो.

एकूण पत्ते अठ्ठ्याहत्तर. त्यातले छप्पन्न आपल्या रमीच्या पत्त्यांसारखे, चार जातींचे — काठ्या, पेले, तलवारी, नाणी. काठी म्हणजे अग्नी, पेला म्हणजे जल, तलवार वायू, नाणं पृथ्वी. आणि आकाश? आकाश नाहीच! पंचमहाभूतांतलं एक गाळून हे लोक माणसाचं भविष्य सांगणार!

उरलेले बावीस नुसत्या चित्रांचे. कड्याच्या टोकावर, आभाळाकडे बघत चाललेला एक खुळा. त्याचा नंबर शून्य. एका पायाने उलटा टांगलेला माणूस, तोंडावर मात्र समाधान. मृत्यू घोड्यावर बसून येतो, पण मागे सूर्य दाखवलाय, म्हणून तो मृत्यू नव्हे, बदल! मग सांगाडा काढायचा कशाला?

१५ फेब्रुवारी

पुस्तकातच कबुली आहे. हा मुळात इटलीतला पत्त्यांचा खेळ. तीनेकशे वर्षं लोकांनी नुसते डाव मांडले. मग एका फ्रेंच गृहस्थाला वाटलं, हे इजिप्तच्या पुजाऱ्यांचं गुप्त ज्ञान आहे. पुरावा काही नाही. पुढे आणखी कोणी बावीस चित्रं हिब्रूच्या बावीस अक्षरांना चिकटवली.

क्षमाला वाचून दाखवलं. मला वाटलं, ओशाळेल. म्हणाली, "असेलही. पत्ता काही सांगतच नाही, बाबा. चित्र पुढे ठेवलं की समोरची बाई आपणहून बोलते. मी फक्त ऐकते."

त्या टांगलेल्या माणसाला बघून नलिनीबाई मुलाचं विसरल्या आणि नवऱ्याबद्दल बोलायला लागल्या म्हणे. याला काय विद्या म्हणायची?

२१ फेब्रुवारी

सापडलं! चोरी पकडली!

जुन्या संचात आठवा पत्ता न्याय, तराजू घेतलेली बाई. अकरावा बळ, सिंहाचा जबडा धरलेली बाई. गेल्या शतकात इंग्लंडातल्या एका गुप्त मंडळाने पत्त्यांना राशी लावायला घेतल्या. राशींत सिंह आधी, तूळ नंतर. पत्त्यांत नेमकं उलटं. मग या विद्वानांनी काय केलं? दोघींचे नंबरच अदलाबदल करून टाकले!

जेवताना क्षमाला सगळं ऐकवलं. आवाज चढला माझा. जुळत नाही म्हणून मूळच बदलायचं? वर त्याला शास्त्र म्हणायचं? शुद्ध लबाडी ही!

ती माझ्याकडे बघत राहिली. "तुम्हाला इतकं का लागलं, बाबा?"

भात पानात टाकून उठलो.

२२ फेब्रुवारी

आज कोणाची पत्रिका पाहिली नाही. बरं नाही म्हणून सांगायला लावलं.

२६ फेब्रुवारी

क्षमाने बॅग भरली. तुम्ही शब्द दिलाय तर जाते, म्हणाली. भांडली नाही की रडली नाही. कुंदाताईंना परत करायला पत्ते कागदात गुंडाळून बॅगेत वरच ठेवले.

मला बरं वाटायला हवं होतं. मुळीच वाटत नाही. चहा पाणचट, पंखा घरघरतो, पंचांगाची छपाई फिकट. सगळ्याचा वैताग आलाय. क्षमाची आई आज असती तर तिने एका वाक्यात माझं तोंड बंद केलं असतं.

२ मार्च, रविवार

चंद्रप्रकाशच्या समोरच सांगून टाकलं. क्षमाची खरी जन्मवेळ पहाटे चार बावीस. पत्रिकेत मी चार दहा लिहिली. बारा मिनिटं मागे गेलं की लग्नरास बदलते आणि मंगळ आठव्या घरातून नवव्यात जातो. मुलीला कडक मंगळ होता, आणि स्थळ चांगलं होतं, म्हणून मी तो लपवला. तो तोंडाला येईल ते बोलला आणि एकटाच परत गेला.

मला वाटलं, क्षमा आता माझ्यावर ओरडेल. ती बॅगेतून साड्या काढत होती. म्हणाली, "मंगळ कुठल्याही घरात असू दे, बाबा. कुलपाचं मी तुम्हाला दिवाळीतच सांगितलं होतं."

सांगितलं होतं. मी तेव्हा पत्रिका उघडून बघितली, आणि तिला परत पाठवलं.