बेंबी सरकली म्हणून

३ डिसें. ९८, खोडद
सुनंदाचं तेरावं झालं. आज शाळेत रुजू. घरी पाहुणे येतच आहेत. आई दारात बसून प्रत्येकाला तेच सांगते, "बेंबी सरकली व्हती सूनबाईची. मी चोळली, तवा लई बरं वाटलं तिला. हसली बी." मग पदर डोळ्यांना.
मी उठून आत जातो.

४ डिसें.
नारायणगावला डॉक्टरांना भेटलो. मुद्दाम विचारलं. बायकोचं अपेंडिक्स सुजलं होतं, घरीच फुटलं. पोट चोळायला नको होतं, म्हणाले. "फुटलं की दुखणं थोडा वेळ थांबतं, मास्तर. तिथंच माणसं फसतात आणि उशिरा आणतात."
म्हणजे सुनंदा हसली ती तेव्हा...
आईला सांगायचं की नाही.

७ डिसें.
सातवीला पचनसंस्था. टाळता आली नाही. भाकरीचा तुकडा खूप वेळ चावला की गोड लागतो, लाळेने पिठाची साखर होते. पोरांना लागला गोड. मला चव कळली नाही. मग तक्ता. जठर, लहान आतडं, मोठं आतडं. दोन्ही आतडी जुळतात तिथं बोटाएवढी शेपटी, आंत्रपुच्छ. पट्टी तिथून लगेच उचलली.
एक मुलगी उठली, "सर, यात बेंबी कुठं हाय?" वर्ग हसला. बेंबीचा पचनाशी संबंध नाही, ती जागची हलत नाही, म्हणालो. आवाज चढला असावा. मुलगी पटकन खाली बसली.

९ डिसें.
आई अर्धी भाकरी खाते. सुनेला शेवटी बरं वाटलं, एवढाच तिला आधार. तो काढून घेतला तर... आणि नाही सांगितलं तर उद्या कोणी दुसरी पोट धरून तिच्याकडे चोळून घ्यायला येईल.

१३ डिसें., रवि.
शेजारच्या मंदावहिनी पोट धरून आल्या. आईने तेल कोमट करून त्यांना आडवं केलं. मी आईचा हात धरला. वहिनींना मोटरसायकलवर नारायणगावला नेलं. नुसता गॅस निघाला. येताना त्यांची बडबड, "डाक्टरनं एक गोळी दिली, मास्तर, अन् तुमच्या गाडीनं हाडं मोडली. आत्याबाईंनी घरीच बरं केलं असतं."
आई चुलीपाशी. तिने तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, "माझा हात का धरलास?"
सांगतो म्हणालो. कसं सांगायचं ते जुळवायला वही घेऊन बाहेर ओट्यावर आलो आहे. ती आत थांबली आहे.