खासदाराच्या ऑफिसात मीच जाते

अहो,
निवडणुकीत खासदाराच्या विरोधात घोषणा दिल्या म्हणून आता त्याच्या दारात जायचं न्हाय, हे तुमचं वागणं मला पटलं न्हाय. तिकडे आखातात आपल्या प्रणयचा व्हिसा संपलाय, मालक पासपोर्ट देत न्हाय, आणि तुम्ही इथे मिशा सांभाळताय. त्याला परत आणायच्या अर्जावर आईची सही चालते, असं ऑफिसातल्या माणसाने सूनबाईला फोनवर सांगितलं. तिला घेऊन पहिल्या एसटीने माणगावला जाते. दारावरच्या तुमच्या पक्षाच्या झेंड्याला हात लावलेला न्हाय. सुकटीचं कालवण गरम करून घ्या, गोळी विसरू नका.

निघताना बोलले तेव्हा तुम्ही झोपेचं सोंग घेतलंत, म्हणून तेच लिहून ठेवते: “निवडणूक कधीच संपली, प्रणयचे बाप तुम्ही अजून आहात.”