डावी बाजू जरा कमी

३ मार्च
आजपासून रोजनिशी. निर्णय लेखी असावेत.

खुशालरावांचा फोन. यंदा भजन स्पर्धेची पहिली फेरी रेकॉर्डिंगवर. मंडळे मोबाईलवर भजन पाठवणार, परीक्षकाने घरी बसून ऐकायचे. एकवीस मंडळे. त्यांतली सहा अंतिम फेरीत, ३० एप्रिलला. परीक्षक मीच. सलग अकरावे वर्ष. खुशालराव समितीचे अध्यक्ष, शब्द तोलून वापरतात. म्हणाले, देवीदासभाऊ, तुमचा कान म्हणजे काटा हाये काटा. मी नम्रपणे हो म्हटले.

ठराव: सर्व रेकॉर्डिंग फक्त हेडफोनवर ऐकायचे. मोबाईलच्या स्पीकरवर एकही नाही. स्पीकरच्या आवाजात कुकर, भंगारवाला आणि सौ. कौशल्या मिसळतात. अन्याय होतो.

हेडफोन घ्यावा लागेल.

६ मार्च
गाडीत वाचन. बडनेरा ते अकोला माझे रोजचे अप-डाउन. जाताना सव्वा तास, येताना देवाची मर्जी.

हेडफोनचे दोन प्रकार. ओपन-बॅक: कपाची पाठ उघडी. आवाज मोकळा, पण बाहेरचे सगळे आत येते. क्लोज्ड-बॅक: पाठ बंद. बाहेरचे बाहेर, आतले आत. गाडीत ऐकायचे तर दुसराच. शिवाय घडी होणारा हवा, डब्याच्या पिशवीत मावेल असा.

मत स्पष्ट झाले. शनिवारी खरेदी. विषय संपेल.

८ मार्च
राजकमल चौकाजवळ रऊफभाईंचे मोबाईलच्या सामानाचे दुकान. जुनी ओळख. त्यांनी चार हेडफोन काढून ठेवले. मी एकेक घालून पाहिला. दीड तास. रऊफभाई म्हणाले, भाऊ, लोकं पोरगी पाह्याले एवढा टाइम लावत नाई.

वायरचा घेतला. काळा.
गुण: हलका. घडी छान. चार्जिंगची भानगड नाही.
दोष: चष्म्याची काडी कानात रुतते.

दहापैकी आठ.

१० मार्च
दोष, पुढे चालू: डावी बाजू जरा कमी.

१२ मार्च
डावी बाजू बरीच कमी. गाडीत मूर्तिजापूरपर्यंत तपासले. उजवीकडे गवई स्वच्छ. डावीकडे गवई शेजारच्या घरात.

घरी सांगितले. कौशल्या काहीतरी म्हणाली. हल्ली ती पुटपुटते. दुसऱ्यांदा विचारले तर म्हणाली, उलटा घालून पाहा ना, डाव्याचा उजवीकडे. मी तिला एल आणि आर ही अक्षरे दाखवली. कंपनीने विचार करूनच छापली असणार. प्रत्येक गोष्टीची एक शिस्त असते.

दहापैकी पाच.

१५ मार्च
रऊफभाईंकडे. त्यांनी स्वतः घालून पाहिला. डोळे मिटले, मान हलवली. म्हणाले, दोन्हीकडून बराबर हाये भाऊ. मी म्हटले, तुमचे सगळे आयुष्य दुकानात गेले, माझे संगीतात. ते म्हणाले, ते बी खरं हाये. मग म्हणाले, एक डाव उलटा घालून पाहता का? मी नकार दिला. रऊफभाई म्हणाले, हेडफोन काई चप्पल थोडीच हाये भाऊ, उलटा घातला तर पाय मुरगळत नाई.

दुकानात तीन गिऱ्हाइके होती. तिघेही हसले. एवढ्यावर मी वाद थांबवला.

बदलून ब्लूटूथचा घेतला. राखाडी. वायर गेली, वायरबरोबर दोषही जाईल.

१७ मार्च
राखाडीचे गुण: वायर नाही. गादी मऊ.
दोष: जड. उन्हात कान शिजतात. बडनेऱ्याच्या फलाटावर काढला तेव्हा दोन्ही कपांत घाम. क्लोज्ड-बॅकची ही मूळ अडचण: बाहेरचे आत येत नाही, तसे आतले बाहेर जात नाही. वऱ्हाडातला मार्च कोणत्याही रिव्ह्यूमध्ये धरलेला नाही.
आणखी दोष: डावी बाजू.

दोन कंपन्या, एकच खोट. माझा निष्कर्ष: डावीकडे कमी दर्जाचा माल घालतात. बहुतेक माणसे उजवी, कोण तपासणार.

१९ मार्च
मंडळांची रेकॉर्डिंग यायला लागली. आजवर नऊ. ऐकलेली शून्य. सदोष साधनावर गुण देणे म्हणजे खोट्या काट्यावर कापूस मोजणे.

मी नोकरीला आहे त्या कापसाच्या जिनिंगमध्ये गुलफाम मिस्त्रीला हा विचार सांगितला. माझी खुर्ची मशिनच्या जाळीला लागून, मशिन डाव्या हाताला. सव्वीस वर्षे तिथेच बसून गाठींची नोंद करतो. मशिन चालू असताना बोलायचे तर माणसाने उजवीकडून यावे लागते, हे गुलफामला माहीत आहे. तो उजवीकडून आला आणि म्हणाला, बाबूजी, कान दाखवून द्या. मी म्हटले, हेडफोन दाखवून झाला. तो परत मशिनकडे गेला. मशिनवाल्यांशी सूक्ष्म गोष्टी बोलू नयेत.

२२ मार्च
रऊफभाईंनी राखाडीही परत घेतला. चेहरा दुःखी होता. म्हणाले, भाऊ, आता याच्या वरचा घ्या, अन् मले मोकळं करा. बाहेरचा आवाज मशिनच खाते. नॉइज कॅन्सलिंग.

तिसरा. गडद निळा. डबीसकट.

२४ मार्च
उत्तम. उत्तम. उत्तम.

बटन दाबले की गाडी नाहीशी. विशेषतः डाव्या बाजूला. उजवीकडे चाकांची थोडी घरघर उरते, डावीकडे पूर्ण शांतता. इतके प्रभावी यंत्र मी पाहिले नाही. काढल्यावरसुद्धा डावीकडे परिणाम टिकून राहतो.

दहापैकी नऊ. एक गुण डाव्या बाजूच्या आवाजाचा कापला.

उद्यापासून रोज तीन मंडळे. सात दिवसांत निकाल.

२९ मार्च
ऐकलेली मंडळे: दोन.

कारणे: मंगळवारी चार्जिंग संपले. बुधवारी डबी घरी राहिली. नंतर झोप लागली. एवढ्या शांततेत लागतेच.

३० मार्च
पाडवा. मुलगी प्राजक्ता आणि जावई अकोल्याहून आले. जेवताना कौशल्याने सर्वांसमोर विषय काढला. म्हणाली, मी याहिच्या डाव्या अंगाले बसली का हे हूं म्हणतात, उजव्या अंगाले बसली का भांडतात. म्हून मी डाव्या अंगालेच बसतो.

सगळे हसले. मीही. विनोद काय होता ते नंतर उजवीकडून विचारून घेतले.

प्राजक्ताने कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. अकोला, २ एप्रिल, सायंकाळी पाच. तिचे मन मोडू नये म्हणून हो म्हटले.

२ एप्रिल
जिनिंगमधून लवकर निघालो. दवाखान्याच्या दारापर्यंत गेलो. आत गर्दी असावी. बाहेरून दिसत नव्हती. डॉक्टर थकलेले असतील, अशा वेळी तपासणी नीट होत नाही.

पाच वीसची गाडी मिळाली. बऱ्याच दिवसांनी बसायला जागा. प्राजक्ताला कळवले की काळजीचे कारण नाही. हे खरेच आहे. मला कोणी काळजीचे कारण सांगितलेले नाही.

७ एप्रिल
खुशालरावांचे तीन फोन. निकाल १४ तारखेला हवाच. म्हणाले, भाऊ, मंडळं माया दारात येऊन बसून राहिले. मी सांगितले, न्यायाला वेळ लागतो.

गुणांची विभागणी पक्की केली. गायन ४०, ताल २०, खंजिरी २०, शिस्त २०. आमच्या भजनात खंजिरी म्हणजे पाठीचा कणा. ती नसेल तर नुसते गाणे उरते.

१३ एप्रिल
सकाळपासून बैठक. एकवीसही पूर्ण. जेवण एकदाच, चहा सहा वेळा.

सतराव्या क्रमांकाने मात्र चकित केले. चांदूर रेल्वेचे महिला मंडळ. प्रमुख पौर्णिमाबाई. काय आवाज. गायन ३७, यंदाचे सर्वांत जास्त. पण खंजिरी नाही. चार वेळा ऐकले. एकदाही नाही. नियमपत्रात स्पष्ट लिहिले असूनही. वाईट वाटले, तरी नियम तो नियम. खंजिरी ०. नियमभंगाबद्दल शिस्तीतून दहा कमी. शेरा: खंजिरीचा पूर्ण अभाव, मंडळाने पुढील वर्षी दक्षता घ्यावी.

सातव्या आल्या. एका क्रमांकाने गेल्या.

गुणपत्रक पाठवले. हलके वाटते. हेडफोन ठेवायचा, हा निर्णयही आज झाला.

१६ एप्रिल
खुशालरावांनी रविवारी बोलावले आहे. बहुधा अंतिम फेरीचे मानपत्र. अकरा वर्षे झाली.

२० एप्रिल
मानपत्र नव्हते.

खुशालरावांच्या ओसरीवर पौर्णिमाबाई बसल्या होत्या. सोबत एक म्हातारी, गोकर्णाबाई. मांडीवर खंजिरी. बोटांना पट्ट्या. पौर्णिमाबाई म्हणाल्या, हे आमची खंजिरी. चाळीस वर्सं झाले वाजवते. डॉक्टरनं सांगितलं, पुढच्या वर्सी बोटं चालत नाई. अन् तुमी लिवलं, खंजिरी नाई.

मी शांतपणे म्हटले, मी फक्त ऐकलेले लिहितो.

खुशालरावांनी मोबाईल टेबलावर ठेवून रेकॉर्डिंग लावले. स्पीकरवर.

खंजिरी होती. सगळ्या ओसरीभर होती. गोकर्णाबाई स्वतःचेच वाजवणे खाली मान घालून ऐकत होत्या.

मी म्हटले, रेकॉर्डिंग बदललेले दिसते. पौर्णिमाबाईंनी तारीख दाखवली. पाठवल्याचीच होती. मग त्यांनी खुलासा केला. चांदूरचा पिंटू रेकॉर्डिंगवाला, त्याला नवी हौस. गाणे एका खोलीत घेतले, खंजिरी दुसऱ्या खोलीत, आणि एका कानात एक, दुसऱ्या कानात दुसरी अशी टाकली. गाणे उजवीकडे. खंजिरी डावीकडे.



मी म्हटले, माझ्या हेडफोनची डावी बाजू कमजोर आहे. तक्रार नोंदवलेली आहे.

खुशालराव म्हणाले, जवळ हाये का? पिशवीतच होता. त्यांनी तो माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, भाऊ, एक डाव उलटा घाला. हे तिसरे माणूस. कौशल्या, रऊफभाई, आणि आता अध्यक्ष. मी उठलो. म्हटले, परीक्षकाची परीक्षा घेत नसतात.

फाटकाशी गोकर्णाबाई मागून आल्या असाव्यात. काही म्हणाल्या असाव्यात. डाव्या बाजूला होत्या. मी हूं म्हटले.

२१ एप्रिल
राहून राहून वाटते, काय म्हणाल्या असतील.

२३ एप्रिल
खुशालरावांचा निरोप. सहा मंडळांना पत्रे गेली, मंडप ठरला, आता सातवे घेता येत नाही. बाकीची चौदा मंडळेही उठून बसतील. अंतिम फेरीला परीक्षक म्हणून धामणगावचे एक तरुण मास्तर येणार. तुमाले आराम, असे म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर उत्तर देता आले असते.

ठराव: समितीला सविस्तर पत्र. दोन तासांत मायना झाला.

२६ एप्रिल
रऊफभाईंकडे गेलो. निळा बदलायला. त्यांनी डबी उघडलीच नाही. माझ्या उजव्या बाजूला येऊन उभे राहिले. म्हणाले, भाऊ, दुकानातले सगळे देऊन टाकतो तुमाले. फुकट. पण माल मायाकडे सारा चांगलाच हाये.

चहा पाजला. घेतला.

३० एप्रिल
घरात कोणी नाही. कौशल्या अंतिम फेरीला गेली. जाताना म्हणाली, चांदूरच्या बाया बी येऊन राहिल्या म्हणे, ऐकाले. चालता का? मी म्हटले, ऊन फार आहे.

गोकर्णाबाई आल्या असतील. खंजिरी घरी ठेवून.

निळा हेडफोन डबीतून काढला. चार्जिंग पूर्ण. सतरावे रेकॉर्डिंग लावले. सरळ घालून एकदा ऐकले. पौर्णिमाबाई स्वच्छ.

मग काढला. एल आणि आर ही अक्षरे बराच वेळ पाहिली. उलटा घातला.

खंजिरी आली. उजवीकडून. अशी बोटे मी अकरा वर्षांत ऐकली नाहीत. पट्ट्या नसतील तेव्हा.

संपेपर्यंत ऐकले. कोरे गुणपत्रक एक उरले होते, ते भरले.

क्रमांक सतरा, महिला मंडळ, चांदूर रेल्वे.
खंजिरी: वीसपैकी वीस.
शिस्त: वीसपैकी वीस.
गायन: ऐकू येत नाही.