बाबांची सैल कॉलर

सालेकसा, मंगळवार, २१ नोव्हेंबर २००६

पुण्याच्या दादाला बाबांना बघायचं होतं, म्हणून शाळेच्या कॉम्प्युटरवरून बाबांचा फोटो मेल केला. तीनदा! तिन्ही वेळा त्याच्या मॅकवर फोटोच्या जागी 'विनमेल' नावाची कसलीशी फाइल पोचली. फोनवर चिडला, "काऊन नाही उघडून राहिला? काही लपवून तर नाही राहिली तू?"

लपवतेच आहे ना. दोन महिने "बाबा बरे आहेत" म्हणतेय. फोटोत शर्टाची कॉलर इतकी सैल आहे, की आत माझा हात जाईल. तरी बाबांनी वरचं बटण लावलं होतं. दादाला ते 'मोठा'च म्हणतात. "मोठ्याले तब्येत चांगली दिसली पाहिजे."

शेवटी मेलची सेटिंग साध्या मजकुरावर केली, म्हणजे फोटो त्या विनमेलमध्ये गुंडाळला जात नाही, नि चौथ्यांदा पाठवला. जमलं म्हणून आधी आनंदच झाला. मग ती कॉलर आठवली. कशाला जमवलं मी?

संध्याकाळी दादाचा फोन आला. "उघडला." मग, "उद्या निघतो."

बाबा अजून तोच शर्ट घालून बसलेत. विचारतात, "मोठा काय म्हणे? कसा दिसून राहिलो?"