काळ्या नाकाचा सिंह

५ नोव्हें., बुध.
यंदा मारलेल्या सिंहांच्या दातांचे एक्स-रे आले. शिकार आफ्रिकेत, आणि पुढच्या वर्षी किती मारू द्यायचे तो आकडा काढणारा मी, इथे आखातात, अल बर्शातल्या ऑफिसात एसीखाली! बायको, सुनंदा, याला यमाकडची कारकुनी म्हणते. नियम साधा: नर सहा वर्षांच्या वरचा हवा, म्हणजे त्याची पिल्लं हाताशी आलेली असतात. चारांपैकी तीन ठीक. चौथा, सि-७, उद्या.

६ नोव्हें.
सि-७च्या दातातली पोकळी केवढी मोठी! वय वाढतं तशी ती बुजत जाते. हा जेमतेम चार वर्षांचा. तीनदा मोजलं. छे.
शिकाऱ्याबरोबर जोसेफ होता, तिथला वाटाड्या. वीस वर्षं जंगलात, एकदाही चूक नाही. बॉस नायर साहेब म्हणाले, "गाइड की गलती लिखो. लायसन्स जाएगा, खलास."
जोसेफ असं करेल? पटत नाही.

८ नोव्हें., शनि.
सुट्टी. दिवसभरात एकच वाक्य बोललो, रोट्या घेताना ग्रोसरीवाल्याला, "भाई, दो खुबूस." अल मजाजला पाण्याकाठी फेरी मारली. जिकडेतिकडे कुटुंबं. सुनंदा नि लेक ईशा नाशिकला गेल्याला दीड वर्ष झालं. जेवताना समोर लॅपटॉपवर सि-७चे जुने फोटो लावले. डाव्या कानाला खाच. ईशापेक्षा याचेच फोटो जास्त आले मला. फार एकटं वाटतंय, लिहून टाकतो.

९ नोव्हें.
सापडलं. जूनमधला जोसेफचा मेसेज, सोबत फोटो: "सर, नाक काळं आहे, पण मला हा पोरगेला वाटतो. काय करू?" सिंहाचं नाक तरुणपणी गुलाबी, मग काळं पडत जातं. मी स्क्रीनवर मोजलं, अर्ध्याहून जास्त काळं, म्हणजे सहाच्या वर. कळवलं: "ओके, गो अहेड."
आज फोटो मोठा करून पाहिला. काळं कसलं, वाळलेलं रक्त! रेडा खाऊन नुकताच उठला होता बिचारा. ईशाला लहानपणी शंभरदा सांगितलं असेल, आधी तोंड धू, मग फोटो. आणि मी... मूर्ख, मूर्ख.

११ नोव्हें.
ना. साहेबांना सांगितलं. त्यांनी दार लावलं. "किसी को बोला तो नहीं? जोसेफ चुप रहेगा." माझी चूक लिहिली तर आजवर मी ठरवलेली सगळी वयं पुन्हा तपासावी लागणार. जानेवारीत माझा व्हिसा रिन्यू व्हायचाय. ते नुसते कॅलेंडरकडे बघत बसले.

१२ नोव्हें.
सु.चा फोन. "अहो, मग या ना परत. तिथे कोण बसलंय तुमच्यासाठी?" मी चिडलो. पण खरंच, कोण बसलंय? मागून ईशा: "बाबा, जस्ट टेल देम!" तिला सोपं आहे.

१४ नोव्हें.
जोसेफला फोन. वाटलं, शिव्या घालेल. म्हणाला, "सर, यू सेड ओल्ड. आय थॉट माय आइज आर फिनिश्ड." वीस वर्षांची नजर त्याने माझ्या एका 'ओके'पुढे खोटी मानली.
पिल्लांचं विचारलं. सि-७ची तीन होती. जागा रिकामी झाल्यावर दोन परके नर आलेत, आणि परके नर आधीच्याची पिल्लं जगू देत नाहीत. काल पाणवठ्यावर फक्त आईचीच पावलं.

१६ नोव्हें.
रिपोर्ट पुरा केला. चूक: माझी. जोसेफने शंका घेतली होती, ती बरोबर होती. त्या भागाचा पुढच्या वर्षीचा कोटा: शून्य.

१७ नोव्हें.
सकाळी सातला थेट तिकडच्या वनखात्याला पाठवला, कॉपी ना. साहेबांना. दिवसभर केबिनमधून हाक नाही. चहाला बरोबर कुणी आलं नाही.
दुपारी जोसेफचा फोटो. पाणवठ्यावर सिंहीण. मागे गवतात काहीतरी पिवळट. पिल्लू असेल, दगडही असेल. खाली: "सर, व्हॉट डू यू सी?"
मोठा करून पाहिला. खूप वेळ पाहिला. पिल्लू दिसावं असं फार वाटत होतं.
लिहिलं: "जोसेफ, तू सांग."