अहवालावरची लघुस्वाक्षरी

भवानीनगर, दि. ६ ऑक्टोबर १९९६

कालकथित करुणा संघपाल साबळे हिस,
सप्रेम जयभीम.

तू जाऊन आज अठरा दिवस झाले. आपली मुलगी जिवंत आहे, हे प्रथम कळवितो.

जुलैत बारामतीस तुझी सोनोग्राफी झाली. अहवाल आणावयास मी एकटा गेलो. बाळाचे जठर छातीत डावीकडे आहे, असे त्यात इंग्रजीत टंकलिखित होते. डॉक्टर बाहेरगावी होते. सोमवारी दोघांनी येऊन भेटावे, असा निरोप होता. कारखान्याच्या कचेरीत अकरा वर्षे मी टंकलेखकांच्या चुका काढीत आलो. जठर छातीत कसे असेल? मी ‘छाती’ खोडून ‘उदर’ केले, बाजूस लघुस्वाक्षरी केली आणि सर्व ठीक असल्याचे तुला सांगितले. साहेबांची सही झाली, आता बाळाची हलायची टाप नाही, असे तू हसून म्हणालीस. सोमवारी आपण गेलो नाही. पहिले बाळंतपण माहेरी, म्हणून तू वरकुट्यास गेलीस.

तिथे घरीच बाळंत झालीस. तुझा रक्तस्राव थांबला नाही. बाळ निळे पडले. बारामतीच्या एक्स-रेत त्याच्या छातीत आतड्यांची वेटोळी होती, हृदय उजवीकडे ढकललेले. डॉक्टरांनी आधीचा अहवाल मागितला, एक्स-रेशेजारी धरला आणि ही सही कोणाची, असे विचारले. माझी, असे मी सांगितले. हे ठाऊक असते तर बाळंतपण पुण्याच्या मोठ्या रुग्णालयातच करविले असते, एवढेच ते बोलले. छाती व पोट यांमधील पडद्याला भोक होते. पुण्यात ते शिवले.

मुलगी आता तुझ्या आईंकडे जाईल. अहवालातील माझ्या दुरुस्तीबद्दल त्यांना काही ठाऊक नाही. कळल्यावर त्या मला तिला पाहू देतील, याची खात्री नाही. तरीही या पत्राची प्रत त्यांना माहितीस्तव पाठवीत आहे.

लोभ मागण्याचा अधिकार उरला नाही, मागतो मात्र.
संघपाल

वरकुटे, ता. १० ऑक्टोबर

संघपालरावांस्नी ठमाबाईचा जयभीम. मी बोलती तसं धाकटी तेजश्री लिवती हाय.

पत्र दोनदा वाचून घेतलं. तेजश्री रडली, मी न्हाय. मला राग आला. लग्नपत्रिकेतल्याबी चुका तुमी काढल्या व्हत्या, तवा आमी हसलो. माफ केलं असं लिवू नगं, असं मी तेजश्रीला बजावलंय.

पोरगी काल आली. दूध पिती. आतडी पुन्हा वर सरकली का ते बघाया म्हैन्यानं छातीचा फोटू काढायचा हाय. तो कागद मला वाचता यायचा न्हाय, तेजश्रीला निम्मा येतो. तुमी वाचा, पर पेन खिशात ठिवा, आन् समजलं न्हाय तर डॉक्टरास्नी इचारा. एवढं जमत आसंल तर हितं ऱ्हायाला या.

पोरीवर जीव ठिवा. माझं मी बघीन.
ठमाबाई

भवानीनगर, दि. १५ ऑक्टोबर १९९६

ती. आईंस,
सविनय जयभीम वि. वि.

आपली अट मान्य आहे. काल बारामतीस जाऊन डॉक्टरांना भेटलो. न समजलेले नऊ मुद्दे विचारले. ते चिडले, चौथ्या मुद्द्यावर त्यांनी खुर्ची दिली. एक्स-रेची तारीख ८ नोव्हेंबर. अहवाल ते आपणां सर्वांसमोर मराठीत सांगतील.

आपला राग असावा. मुलीच्या निमित्ताने थोडी जागाही असावी.
आपला,
संघपाल

ता. क. येथील खोली रिकामी केली. दार कुलूपबंद करून दोन्ही किल्ल्या कारखान्याच्या वसाहतीच्या कचेरीत परत दिल्या.