वच्छलामावशीच्या कार्डावरची खूण

प्रिय अविनाश,

तुझ्या हुशारीला आधी कोपरापासून नमस्कार. फोनवर बोलले असते तर तोंडातून नको ते गेलं असतं, म्हणून हे पत्र मेलवर पाठवते आहे.

देऊळघाटच्या आपल्या भाजीपाला गटाला तू ओळखपत्रं छापायचा प्रोग्राम करून दिलास आणि पुण्याला निघून गेलास. नाव छाप, गाव छाप, पीक छाप, अशा चार साध्या ओळी लिहिल्या असत्यास तर तुझे हात झिजले असते का? पण नाही. तुला रिफ्लेक्शन वापरायचं होतं. सभासदाच्या ऑब्जेक्टलाच, म्हणजे तिच्या माहितीच्या गाठोड्यालाच विचारायचं, बाई, तुझ्यात काय काय आहे, आणि जे सापडेल ते छापत सुटायचं. वर मला म्हणालास, ताई, उद्या नवा रकाना वाढवलास तरी कोडला हात लावावा लागणार नाही.

नाहीच लागला! दिवाळीनंतर मी 'खूण' नावाचा रकाना वाढवला. गटात तीन वच्छलाबाई, आडनावही एकच. फोन आला की कोणती ते मला कळावं, एवढ्यासाठी. तो 'प्रायव्हेट', म्हणजे बाहेर न दिसणारा, ठेवला होता मी. पण एकेक रकाना घेऊन छापत सुटणाऱ्या तुझ्या लूपला घरचं-दारचं काही कळत नाही, प्रायव्हेटचं कुलूप उघडायची सोयसुद्धा तू त्यात करून ठेवलेली! बासष्ट कार्डं छापली, लॅमिनेट केली आणि एकही न वाचता मी शुक्रवारच्या बैठकीत वाटली.

एकीच्या कार्डावर 'खूण: चष्मेवाली'. बाया हसल्या. दुसरीच्या 'खूण: विहिरीजवळची'. आणखी हसल्या. तिसरं कार्ड आपल्या शेजारच्या वच्छलामावशीचं. जिच्या चुलीपुढे बसून तू लहानपणी भाकरी खाल्लीस, तीच. अर्जात नवऱ्याच्या नावाचा रकाना तिनं कोराच ठेवायला लावला होता. तिला वाचता येत नाही, म्हणून गटातल्या पुष्पांजलीनं मोठ्यानं वाचायला घेतलं. ती मधेच थांबली, पण उशिरा थांबली. 'खूण: नवऱ्याने टाकलेली.'

मावशीनं कार्ड पदरात गुंडाळलं आणि उठून गेली. चार दिवस रोपवाटिकेत आली नाही. मिरचीची रोपं तिच्यासारखी कोणाच्या हातून रुजत नाहीत, पण ते जाऊ दे. छापायच्या रकान्यांची नावं मी एकेक करून कोडमध्ये लिहिली आणि तुझा लूप काढून टाकला. दहा मिनिटं लागली. दहा मिनिटं, अविनाश!

काल तिच्याकडे गेले. वाटलं, चार शिव्या देईल आणि मोकळी होईल. तिनं एवढंच विचारलं, "छापलं त्याचं जाऊ दे माय, पन हे लिवलं कोनं?"

मी म्हणाले, अविनाशनं. रकाना माझा, शब्द माझा, टाइपही मीच केलेला. तू तर तो कधी पाहिलाही नाहीस. तरी तुझं नाव सांगून मोकळी झाले. तुझ्यासाठी भरून ठेवलेली सांडग्यांची पिशवी दाराशी होती, ती मावशीनं उचलून आत नेली फक्त. तेव्हापासून तुझ्यावर चिडते आहे, कारण स्वतःवर चिडायची लाज वाटते. उद्या सकाळी जाऊन तिला खरं सांगणार आहे. पण जर माझं तोंड तिथं उघडलंच नाही, आणि रविवारी तू तिला नेहमीसारखा फोन केल्यावर तिनं उचलला नाही, तर तुझं काय चुकलं ते शोधत बसू नकोस.

तुझीच,
संजीवनीताई